शिरका : ख्याती किती, गुण किती?

आपल्या आहारात आंबट रुचीचे पदार्थ पुष्कळ आहेत. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू आणि ताक यांची ओळख आपणांस बालपणापासून असते. त्यांच्याच पंक्तीत बसणारा, परंतु कोणत्याही झाडावर न पिकणारा एक पदार्थ म्हणजे शिरका. आपल्या सुरतेत त्याला 'सरको' म्हणतात. बाजारात 'व्हिनेगर' या नावाने तो बाटलीतून मिळतो. या साध्या पदार्थाची ख्याती मात्र मोठी आहे. जुन्या घरांतून तो ताप, अपचन, घसादुखी यांवर सांगितला जात असे. आज मोबाइल फोनवर फिरणारे संदेश त्याने वजन उतरते, मधुमेह पळतो, इतकेच काय पण कर्करोगही बरा होतो, असे सांगतात. विद्यार्थिमित्रांनो, यातील खरे किती आणि सांगोवांगीचे किती, हे पाहण्याचा यत्न आम्ही या लेखात करणार आहोत. शिरक्याची परीक्षा निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी कशी घेतली, हा त्या निमित्ताने होणारा अभ्यास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

शिरका म्हणजे काय?

शिरका तयार होण्यास दोन पायऱ्या लागतात. उसाचा रस, द्राक्षांचा रस किंवा माडाची नीरा यांसारखा गोड रस ठेवून दिला, की यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. ही पहिली पायरी होय. हा आंबलेला रस उघडा राहिला, की असेटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतील प्राणवायू घेऊन मद्यार्काचे असेटिक आम्ल बनवितात. ही दुसरी पायरी. तिला हवेची आवश्यकता असल्यामुळेच बूच घट्ट लावलेले द्राक्षमद्य टिकते आणि उघडे राहिलेले आंबट होते. इंग्रजी 'व्हिनेगर' हा शब्द ज्या फ्रेंच शब्दांवरून आला, त्यांचा अर्थच 'आंबट मद्य' असा आहे. आपला 'शिरका' हा शब्द फारसीतून आला.

मद्य आंबट का होते, याचे उत्तर मनुष्यास हजारो वर्षे ठाऊक नव्हते. शिरक्याच्या पृष्ठभागावर सायीसारखा एक पापुद्रा धरतो, तो सर्वांनी पाहिला होता. पण तो सजीव आहे आणि मद्याचा शिरका तोच करतो, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. पुढे १८६८ मध्ये त्याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. सूक्ष्म जीव रसात बदल घडवितात, तसे ते शरीरातही रोग घडवीत असतील काय, या विचारास पाश्चरच्या अशाच अभ्यासांनी चालना मिळाली. रोगजंतूंच्या शास्त्राचा एक झरा असा शिरक्याच्या पिंपातून वाहिला आहे.

शिरक्यात बहुतांश पाणीच असते. आपल्या देशाच्या अन्नविषयक नियमांप्रमाणे त्यात निदान ३.७५ टक्के असेटिक आम्ल असावे लागते. रस आंबवून न करता कारखान्यातील असेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला शिरकाही विकता येतो. मात्र तो 'कृत्रिम' असून असेटिक आम्लापासून केला आहे, असे बाटलीवर छापावे लागते. बाटली घेताना ही ओळ वाचण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

आमचा प्रदेश आणि शिरका

शिरक्याचा अभ्यास करण्यास सुरतेइतके सोयीचे गाव थोडे असेल. बारडोली, चलथाण, गणदेवी या साखर कारखान्यांच्या नावांवरूनच हा उसाचा मुलूख आहे, हे कळते. येथून दक्षिणेस जवळच असलेल्या नवसारीत उसाच्या रसाचा शिरका करणारी कोलाह यांची पेढी १८८५ पासून प्रसिद्ध आहे. रस लाकडी पिंपांत मुरवून केलेला तो गडद तांबूस शिरका पारशी गृहिणींच्या स्वयंपाकात अढळ स्थान मिळवून बसला आहे. लग्नसमारंभातील गाजर व सुका मेवा घातलेले 'लगन नु अचार' आणि आंबटगोड 'सास नी मच्छी' हे पदार्थ शिरक्यावाचून होत नाहीत.

आमच्या कोकणी मुलखातील शिरका माडाचा. रेंदेर माडावर चढून पोय छेदतो आणि मडक्यात जमलेली सूर उतरवितो. ती काही आठवडे आंबू दिली, की शिरका तयार होतो. गोव्यात पोर्तुगीज आले, तेव्हा द्राक्षांच्या शिरक्यात लसूण घालून मांस मुरविण्याची त्यांची रीत त्यांच्याबरोबर आली. येथे द्राक्षांची जागा माडाने घेतली आणि 'विंदालू' जन्मास आला. गोव्यात हिंदू घरची आमटी सोलांनी आंबट होते आणि ख्रिस्ती घरची शिरक्याने, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांसाठी सुक्या माशांचे 'पारा' नावाचे लोणचे शिरक्यातच घालून ठेवीत.

हे पदार्थ टिकतात कसे, हे पाहिले म्हणजे शिरक्याचा पहिला आणि निर्विवाद आरोग्यगुण हाती लागतो. द्रवाची आम्लता 'सामू' या मापाने मोजतात; सामू जितका कमी, तितकी आम्लता अधिक. अन्नात प्राणघातक विष निर्माण करणारे बॉट्युलिझमचे जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामू असलेल्या पदार्थात वाढू शकत नाहीत. शिरक्याचा सामू साधारणतः तीनच्या आतबाहेर असतो. अन्न नासू न देणे हेही रोगनिवारणच होय. शीतकपाट नसलेल्या काळात शिरका, मीठ आणि तेल यांनी घरोघर हे काम निमूटपणे केले.

जुन्या वैद्यकात

आपल्या आयुर्वेदात आंबवून केलेल्या आम्ल द्रवांचा एक वर्गच आहे. शुक्त, कांजी, सौवीर, तुषोदक ही त्यांतील काही नावे. शार्ङ्गधरसंहितेत गुळाचे, उसाच्या रसाचे आणि द्राक्षांचे अशी निरनिराळी शुक्ते सांगितली आहेत. नवसारीच्या पिंपातील शिरका या इक्षुशुक्ताचा जवळचा आप्त ठरतो. कांजी मात्र थोडी निराळी. तिच्यातील आंबटपणा मुख्यतः दह्यातील आम्लाचा, म्हणजे लॅक्टिक आम्लाचा असतो. शुक्तास दीपन व पाचन म्हणून मान होता. त्याचबरोबर ते रक्तपित्त वाढविते, असा इशाराही ग्रंथकारांनी देऊन ठेवला आहे. गुणाबरोबर दोष सांगण्याची ही शिस्त आजच्या जाहिरातींत आढळत नाही.

युनानी वैद्यकात शिरका आणि मध यांचे 'सिकंजबीन' प्रसिद्ध आहे. फारसीत 'सिर्का' म्हणजे शिरका आणि 'अंगबीन' म्हणजे मध. उन्हाळ्यात आपण जे 'शिकंजी' नावाचे लिंबूपाणी पितो, त्याचे नाव याच शब्दावरून आले आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या परंपरेतही मध आणि शिरका यांचे मिश्रण खोकल्यावर देत असत.

घरगुती उपायांचे मर्म शोधताना मात्र सावध राहिले पाहिजे. ताप आला असता कपाळावर शिरक्याच्या पाण्याची घडी ठेवण्याची चाल जुन्या घरांत होती. त्या घडीने रुग्णास बरे वाटे, यात संशय नाही. परंतु पाणी उडून जाताना त्वचेतील उष्णता घेऊन जाते, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. साध्या पाण्याची घडीही तेच काम करते. अशा वेळी श्रेय पाण्याचे असते आणि नाव शिरक्याचे होते.

दर्यावरील परीक्षा

श्रेय कोणाचे, हे ठरवावयाचे तर तुलना केली पाहिजे. या तुलनेचा एक सुंदर दाखला समुद्रावर घडला.

लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशांस स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर माणूस दगावे. आंबट पदार्थ या रोगावर चालतात, असा समज होता; पण कोणता आंबट पदार्थ, याविषयी एकमत नव्हते. १७४७ मध्ये 'सॉल्सबरी' या इंग्रज युद्धनौकेवरील शस्त्रवैद्य जेम्स लिंड याने बारा रुग्ण निवडले. सर्वांचा आजार शक्य तितका सारखा, राहण्याची जागा एक आणि रोजचे जेवणही एकच. मग त्याने त्यांच्या सहा जोड्या पाडल्या. एका जोडीस सफरचंदाचे मद्य, एकीस पाणी घातलेले गंधकाम्ल, एकीस शिरका, एकीस समुद्राचे पाणी, एकीस संत्री व लिंबे आणि शेवटच्या जोडीस लसूण, मोहरी वगैरेंचा लेह दिला.

सहा दिवसांत संत्री-लिंबे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला. शिरका घेणारे दोघे होते तसेच राहिले. आज आपणांस याचे कारण ठाऊक आहे. स्कर्व्ही 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. लिंबात ते जीवनसत्त्व आहे. शिरक्यात ते नसल्यासारखेच. जिभेला दोन्ही आंबटच लागतात, पण जिभेची साक्ष औषधाच्या निर्णयास पुरत नाही.

या कथेचा एक धागा आपल्या सुरतेपर्यंत येतो. लिंडच्याही पूर्वी, १६०१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीचा नायक जेम्स लँकेस्टर याने आपल्या 'रेड ड्रॅगन' जहाजावर लिंबाचा रस बरोबर घेतला होता. तो खलाशांस रोज सकाळी दिल्यामुळे इतर तीन जहाजांपेक्षा त्याच्या जहाजावरील माणसे पुष्कळ निरोगी राहिली. हेच 'रेड ड्रॅगन' पुढे १६१२ मध्ये थॉमस बेस्ट याच्या हाताखाली सुरतेजवळच्या सुवाली बंदरात पोर्तुगीजांशी लढले. लँकेस्टरचा अनुभव सर्वांसमोर असूनही इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ साल उजाडावे लागले. तोपर्यंत किती खलाशांचे प्राण गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. चुकीच्या औषधावरील विश्वास निरुपद्रवी नसतो. तो खऱ्या औषधाची जागा अडवून बसतो.

साथीच्या काळात

साथीच्या भयाने माणूस हाताला लागेल त्या उपायास कवटाळतो. युरोपात प्लेगच्या काळी शिरक्यात भिजविलेला रुमाल नाकाशी धरीत आणि नाणी शिरक्यात बुडवून मगच घेत. प्लेगने मेलेल्यांची घरे लुटणारे चार चोर औषधी वनस्पती घातलेला शिरका अंगास चोळीत व म्हणून वाचत, अशी दंतकथाही तेथे प्रसिद्ध आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन याने शोधला आणि तो जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ याने दाखविले. शत्रू कोण हे कळल्यावर शस्त्रेही बदलली.

आपल्या सुरतेवर १९९४ च्या सप्टेंबरात हेच संकट आले. लाखो माणसे शहर सोडून गेली. आज शाळेत असणाऱ्या मुलांच्या आईवडिलांस ते दिवस आठवत असतील. त्या वेळी टेट्रासायक्लीन हे औषध उपयोगी पडले, आणि पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत कचरा, गटारे व वस्त्या यांच्या स्वच्छतेकडे जे लक्ष पुरविले गेले, त्याने शहराचे रूप पालटले. असे असूनही २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा शिरक्याच्या गुळण्या केल्याने विषाणू मरतो, असे संदेश घरोघर फिरलेच. त्यास कोणताही आधार नव्हता. तीन शतकांपूर्वीचा शिरक्याचा रुमाल केवळ नव्या वेषात परत आला होता.

आजची वैद्यकविद्या काय म्हणते?

असेटिक आम्ल जंतुनाशक आहे, ही गोष्ट खरी. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांतील स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंवर एक टक्का असेटिक आम्ल वापरण्यात आले. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांसाठी डॉक्टर अजूनही प्रसंगी सौम्य असेटिक आम्ल वापरतात. कानाच्या बाह्य भागाच्या दाहावर त्याचे थेंबही दिले जातात. परंतु हे सर्व मोजून-मापून तयार केलेले द्राव असतात आणि ते वैद्याच्या हाताने लावावयाचे असतात. बाटलीतील शिरका जखमेत किंवा कानात ओतणे हा त्याचा पर्याय नव्हे.

मधुमेहाविषयी २००४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथील कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्टमय जेवणापूर्वी पाणी घातलेला शिरका घेतल्यास इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीराचा जेवणानंतरचा प्रतिसाद सुधारतो, असे त्यांस आढळले. अभ्यासात अवघी २९ माणसे होती. पुढील अभ्यासांतही असाच, पण माफक परिणाम दिसला. शिरक्याने जठर सावकाश रिकामे होते, हे त्याचे एक कारण मानतात. ज्या मधुमेही रुग्णांचे जठर आधीच मंद झालेले असते, त्यांना हाच गुण बाधक ठरू शकतो. म्हणजे येथे थोडे सत्य आहे. मात्र औषध बंद करून शिरका घ्यावा, असे त्यातून मुळीच निघत नाही.

वजनाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सफरचंदाच्या शिरक्याने तरुणांचे वजन झपाट्याने उतरते, असे सांगणारा लेबनॉनमधील एक अभ्यास २०२४ मध्ये एका प्रतिष्ठित ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकात आला. त्यात १२ ते २५ वर्षे वयाचे १२० जण होते. जगभर त्याची वार्ता झाली. तज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा ते विश्वासार्ह वाटेनात. अखेर २०२५ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. वार्ता जितक्या घरी पोचली, तितक्या घरी ती मागे घेतल्याचे वृत्त पोचले नाही.

आता ज्या उपयोगाने शिरक्यातील आम्लाने खरोखर प्राण वाचविले, तो सांगतो. स्त्रियांना होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आपल्या देशात पुष्कळ स्त्रिया मृत्यू पावतात. रोग आरंभी कळला तर उपाय होतो. शिरक्याइतकेच सौम्य असेटिक आम्ल त्या जागी लावून सुमारे एक मिनिट थांबले, तर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी करण्यात आली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, ते असे की, तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तपासणी करणाऱ्या सेविका डॉक्टर नव्हत्या. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस चार आठवड्यांचे शिक्षण देऊन तयार केले होते. शालान्त परीक्षेपर्यंतच्या शिक्षणाचे मोल विचारणाऱ्यास याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

तथापि येथेही परीक्षा थांबली नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोगास कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू शोधणारी चाचणी एकदाच करूनही मृत्यू बरेच घटले. आम्ल लावून केलेल्या एका तपासणीने मात्र तशी निश्चित घट दिसली नाही. म्हणून २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या चाचणीस अग्रक्रम देते. ती महाग पडते, तेथे आम्लाची तपासणी उपयोगी आहेच. या ठिकाणी आम्ल रोग बरा करीत नाही, तो केवळ दाखविते. आणि ही तपासणी शिकलेल्या हातांनीच व्हावयास हवी.

वापरताना घ्यावयाची काळजी

जेवणात कोशिंबिरीवर, लोणच्यात किंवा कालवणात शिरका घेण्यास निरोगी माणसास हरकत नाही. तो निराळा पिऊ नये. दातांवरील कठीण आवरण आम्लाने झिजते आणि घसा व अन्ननलिका यांस इजा होते. तांब्यापितळेच्या भांड्यात तो ठेवू नये, कारण त्यात विषारी जंगाल उतरतो. चिनी मातीची बरणी किंवा काच उत्तम. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तो कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा घातक वायू निघतो. प्रयोगशाळेतील तीव्र असेटिक आम्लाच्या बाटलीस तर शिरका समजून हात लावू नये. त्याने त्वचा भाजते आणि पोटात गेल्यास प्राण जाऊ शकतात.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी शिरक्याचे किंवा दुसऱ्या कोणत्याही पदार्थाचे गुण कोणी सांगितले, तर तीन प्रश्न विचारा. किती प्रमाणात? कोणत्या रोगावर? आणि तो न घेणाऱ्यांशी तुलना करून कोणी पाहिले आहे काय? जेम्स लिंडजवळ बारा रुग्ण होते आणि एक जहाज होते. मुंबईतील सेविकांजवळ दहावीचे शिक्षण आणि आम्लाची एक बाटली होती. हे प्रश्न विचारण्यास याहून मोठी सामग्री लागत नाही. ज्या घरात मधुमेहाची गोळी सोडून शिरका घेण्याचा विचार चालला असेल, तेथे तुम्हीच ते आदराने, पण स्पष्टपणे विचारावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.